जागतिक मिशनचा कोर्स करावा का? मिशनरी म्हणून कुठे जायचं नसेल तरी?

समईवात

सर्वांना नमस्कार. मंडळीत मी संडे स्कूलच्या मोठ्या मुलामुलींचा वर्ग घेते. आमच्या पाळकांनी मला जागतिक ख्रिस्ती मिशन या विषयावरचा एका सत्राचा कोर्स सुचवला आहे. आठवड्याला एक वर्ग, प्रत्येक वर्गाआधी भरपूर वाचन, अधूनमधून लहान टिपणं आणि शेवटी एक मोठा निबंध. अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत: बायबलमधला आधार, इतिहास, संस्कृती आणि कार्यपद्धती.

माझी अडचण अशी की मला मिशनरी म्हणून कुठेही जायचं नाही. घर, नोकरी आणि हा वर्ग एवढंच माझं काम, आणि त्यात मी समाधानी आहे. मग एवढं वाचन अंगावर घ्यावं का? शिवाय बंगालमधले मिशनरी विल्यम केरी, चीनमधले हडसन टेलर, कॅरिबियन बेटांवर गेलेले मोरावियन बंधू यांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याच गोष्टी तिथे जड शब्दांत पुन्हा ऐकायच्या असतील तर मी तो वेळ वर्गाच्या तयारीला देईन.

तरीही पाळकांना सरळ नाही म्हणवत नाही, त्याचं कारण एक प्रश्न आहे. केरींबद्दल शिकवत असताना वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "पण त्यांना बंगाली कुणी शिकवलं?" माझ्याकडच्या चरित्रात 'एका मुन्शीकडून शिकले' एवढंच आहे. ती मुलगी हुशार आहे, तेवढ्यावर तिचं समाधान होणार नाही, आणि माझंही झालेलं नाही. असल्या प्रश्नांना या कोर्समध्ये जागा असते का? की मुन्शी तिथेही नुसता मुन्शीच राहतो?

ज्यांनी असा कोर्स केला आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

पायवाट

ताई, जरूर करा. मी पाळकीय सेवेत आहे आणि मंडळीतल्या सामान्य सभासदांनीच हा कोर्स करावा या मताचा आहे. तुम्ही लिहिलेली चार भागांची रचना बहुतेक ठिकाणी 'पर्स्पेक्टिव्हज'वरून आलेली असते. अमेरिकन मिशन-अभ्यासक राल्फ विंटर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू केला, त्यातून तो कोर्स वाढला. तो मुळात मिशनरी घडवण्यापुरता नव्हताच. पाठवणारे, प्रार्थना करणारे, शिकवणारे अशा सगळ्यांनी त्यात बसावं अशीच कल्पना होती.

एक विनंती. पहिला भाग 'हे तर मला येतं' म्हणून उरकू नका. आपण मत्तय २८ मधल्या 'सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा' या आज्ञेवर येऊन थांबतो. उत्पत्ती १२ मध्ये अब्राहामाला दिलेल्या आशीर्वादात 'पृथ्वीवरील सर्व कुळे' येतात, स्तोत्र ६७ सगळ्या राष्ट्रांसाठी आहे, आणि योनाचं पुस्तक तर देवाच्या दयेवर रागावलेल्या संदेष्ट्याचं आहे. हे सलग वाचल्यावर मिशन हा नव्या कराराच्या शेवटी जोडलेला विषय वाटेनासा होतो.

निबंधाचं आत्ता मनावर घेऊ नका.

कुरेनेकर

समईवात ताई, आधी तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर देतो. त्या मुन्शीचं नाव रामराम बसू. केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरले, त्याच्या आधीपासून बसू जॉन थॉमस या डॉक्टर-मिशनऱ्याला बंगाली शिकवत होते. थॉमस यांच्यामुळेच ते केरींना मिळाले. बसूंनी ख्रिस्ती गीतं रचली, पत्रकं लिहिली, पण बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. १८०१ साली त्यांचं 'राजा प्रतापादित्य चरित्र' बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात छापलं गेलं. बंगाली गद्याच्या इतिहासात त्या पुस्तकाचं नाव सुरुवातीलाच येतं. म्हणजे आपण ज्याला 'एक मुन्शी' म्हणून मागे टाकतो, तो स्वतः एका साहित्याच्या आरंभी उभा असलेला माणूस आहे.

आणि ते एकटे नव्हते. श्रीरामपूरला छपाईचे खिळे पाडणारे पंचानन कर्मकार होते. मृत्युंजय विद्यालंकारांसारखे पंडित होते. केरींचं मराठी व्याकरण १८०५ चं आणि मराठी कोश १८१० चा, त्या कामात त्यांच्याबरोबर वैजनाथ पंडित होते. ही माणसं वगळली तर केरींनी इतक्या भाषांत केलेलं काम कुणालाच समजणार नाही, ते नुसतं चमत्कारासारखं दिसेल. केरींचा मोठेपणा मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. चांभारकाम करता करता ग्रीक-हिब्रू शिकलेला आणि १७९२ च्या आपल्या पुस्तिकेत देशोदेशींची लोकसंख्या नि धर्म यांचे तक्ते मांडणारा माणूस होता तो. पण त्या मुलीने योग्य ठिकाणी बोट ठेवलं आहे, आणि मला विचाराल तर हा कोर्स करायचं सगळ्यात मोठं कारण तोच प्रश्न आहे.

मी हा कोर्स केला, आता नव्या लोकांच्या गटचर्चेला मदत करतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. वहीच्या डाव्या पानावर वाचनात आलेल्या मिशनऱ्याचं नाव लिहा. उजव्या पानावर त्याच ठिकाणी, त्याच काळात त्याच्या बरोबर काम करणाऱ्या स्थानिक माणसाचं नाव लिहा. नाव सापडलं नाही तर पान कोरं ठेवा, पण ठेवाच. सत्र संपता संपता त्या कोऱ्या पानांकडे बघवत नाही, आणि तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

हे मी कुठून उचललं? प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११. स्तेफनाच्या छळानंतर पांगलेल्यांपैकी कुप्र आणि कुरेने इथल्या काही माणसांनी अंत्युखियात येऊन हेल्लेण्यांनाही सुवार्ता सांगितली. त्यांची नावं त्या पुस्तकाचा लेखक लूक याने दिलेली नाहीत. यरुशलेमच्या मंडळीला खबर लागली ती नंतर, बर्णबाला पाठवलं तेही नंतर. पौलाचा पहिला प्रवास याच अंत्युखियातून, अध्याय १३ मध्ये. ज्या मंडळीने पौलाला पाठवलं तीच मुळात निनावी माणसांनी उभी केलेली होती.

आता तुमच्या मोरावियन बंधूंची गोष्ट घ्या. लिओनार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निट्शमान हा सुतार, दोघे १७३२ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूट या मोरावियन वस्तीतून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले. उपदेशांत आपण ऐकतो की त्यांनी स्वतःला गुलाम म्हणून विकून घेतलं. तसं घडलेलं नाही. गुलाम व्हायची वेळ आली तरी चालेल इतकी त्यांची तयारी होती. प्रत्यक्षात निट्शमान सुतारकाम करून दोघांचं पोट भरत होता आणि काही महिन्यांतच परतला. मग तिथली मंडळी वाढवली कुणी?

इथे उजवं पान उघडायचं. पहिलं नाव अँटन. सेंट थॉमसचा हा कृष्णवर्णी माणूस एका दरबारी माणसाचा चाकर म्हणून कोपनहेगनला आला होता. १७३१ मध्ये तिथे त्याची मोरावियनांचे आश्रयदाते आणि पुढारी काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्याशी गाठ पडली. बेटावर गुलामीत असलेली आपली बहीण सुवार्ता ऐकायला आतुर आहे, हे त्याने सांगितलं. पुढे त्याने हेर्नहूटला येऊन हेच सगळ्यांसमोर मांडलं. बोलावणं तिथून आलं. दुसरं नाव रिबेका. १७१८ मध्ये जन्म, लहानपणी पळवून नेऊन सेंट थॉमसला विकली गेली, पुढे मुक्त झाली. विशीच्या आतबाहेरची ही मुलगी दिवसभराचं काम आटोपल्यावर मळ्यामळ्यांतून चालत जाऊन गुलाम स्त्रियांना शिकवायची. फ्रॉइंडलिश नावाच्या जर्मन मोरावियनाशी तिने लग्न केलं, त्यावरून खटला झाला, दोघं तुरुंगात गेली. १७३९ च्या जानेवारीत झिन्झेनडॉर्फ बेटावर उतरले तेव्हा ती दोघं कोठडीतच होती. झिन्झेनडॉर्फ यांनी त्यांना सोडवलं. रिबेका पुढे युरोपात राहिली आणि शेवटी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ख्रिश्चन्सबोर्ग इथे १७८० मध्ये वारली. तीन खंडांत जगलेली ही बाई मोरावियनांच्या गोष्टीत आपल्याला कुणी भेटवतच नाही.

त्याच बेटावर पुढे मिशनने मळा विकत घेतला आणि गुलामही मिशनच्या मालकीचे झाले, हेही मुलांना कधीतरी सांगावं लागेल. मोठी मुलं आहेत, त्यांना पेलेल. चांगला कोर्स हे लपवत नाही.

जुनीपानं

मी ख्रिस्ती नाही. इतिहास वाचतो, म्हणून बोलतो आहे. चर्चा आवडली, पण एक बाजू अजून आली नाही.

ताई, कोर्स घेतलात तर चीनच्या धड्याच्या वेळी तहांची कलमं समोर ठेवा. १८४२ चा नानजिंगचा तह अफूच्या पहिल्या युद्धानंतरचा. १८५८ च्या तिआनजिनच्या तहांत ख्रिस्ती धर्माच्या प्रचाराला मुभा मिळाली, तेही दुसऱ्या अफूयुद्धाच्या दडपणाखाली. कार्ल ग्युत्सलाफ हे जर्मन मिशनरी १८३२ मध्ये अफू नेणाऱ्या जहाजावर दुभाषे म्हणून गेले आणि त्याच फेरीत धर्मपत्रकं वाटत होते. चिनी माणसाच्या हातात अफू आणि पत्रक एकाच गलबतातून आलं, मग त्याने दोन्हींचा संबंध जोडला तर त्याला दोष कसा द्यायचा? मिशनच्या अभ्यासात हा प्रश्न मधोमध असायला हवा, तळटीपेत नको.

कुरेनेकर

जुनीपानं, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. तहांची कलमं आम्ही गटात वाचतोच.

त्याला दोन गोष्टी जोडतो. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढलं ते त्याच तहांमुळे आतला प्रदेश खुला झाला म्हणून, हे नाकारता येत नाही. पण तेच टेलर आणि त्यांचे सहकारी ब्रिटनमध्ये अफूच्या व्यापाराविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिले. १९०० च्या बॉक्सर उठावात, म्हणजे चीनमधल्या परदेशी लोकांविरुद्धच्या उठावात, त्यांच्या मिशनची ५८ मोठी माणसं आणि २१ मुलं मारली गेली. नंतर विजेत्या सत्तांनी चीनकडून जबर नुकसानभरपाई वसूल केली, तेव्हा टेलर यांच्या मिशनने ती घेतली नाही. देऊ केली तरी घेतली नाही. टेलर चिनी पोशाख घालत, पण हा निर्णय मला त्या पोशाखापेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि गोष्टीत मात्र पोशाखच येतो. त्याच उठावात चिनी ख्रिस्ती हजारोंनी मेले. त्यांच्यातली बहुतेक नावं माझ्या उजव्या पानावर आजही नाहीत.

दुसरी गोष्ट ग्युत्सलाफ यांचीच. चीनमध्ये सुवार्ता चिनी माणसांनीच न्यावी हे त्यांना त्या काळात कळलं होतं. १८४४ मध्ये त्यांनी चिनी प्रचारकांचा संघ काढला आणि त्यांना पुस्तकं देऊन आतल्या प्रांतांत पाठवलं. आकडे भराभर वाढले, युरोपभर कौतुक झालं. मग उघड झालं की त्यातले कित्येक जण कुठेही गेलेच नव्हते. ते नवे करार परत छापखानेवाल्याला विकत आणि छापखानेवाला तेच पुन्हा ग्युत्सलाफ यांना विकत असे. प्रवासाची वर्णनं घरबसल्या रचलेली होती. म्हणून उजवं पान भरताना तिथे संतांची रांग लावायची नाही. तिकडची माणसंही माणसंच होती: कुणी प्रामाणिक, कुणी लबाड, कुणी पोटासाठी आलेलं आणि नंतर मनापासून राहिलेलं. त्यांना त्यांच्या नावानिशी, गुणदोषांसकट लिहायचं.

साम्राज्य आणि मिशन यांच्या गुंत्यात शिरायचं असेल तर मी एकाच माणसाचं आयुष्य वाचायला सांगेन: सॅम्युएल अजयी क्राउथर. ताई, कोर्समध्ये त्यांच्यावर फार तर अर्धं पान असेल. तुम्ही तिथे थांबा.

१८२१ मध्ये योरुबा प्रदेशातल्या त्यांच्या गावावर धाड पडली आणि हा किशोरवयीन मुलगा गुलाम झाला. अनेकदा विकला गेला. १८२२ मध्ये पोर्तुगीज गुलामजहाजावर असताना ब्रिटिश नौदलाने ते जहाज पकडलं आणि त्याला फ्रीटाउनला उतरवलं. तिथे तो शिकला, बाप्तिस्मा घेतला, पुढे बायबलच्या योरुबा भाषांतराचा कणा झाला. १८४१ च्या नायजर नदीच्या मोहिमेवर गेला, १८४३ मध्ये लंडनला पाळक म्हणून दीक्षा झाली. चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचं ठाम मत होतं की मिशनचं काम संपायलाच हवं: मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःच पसरावं आणि मिशनऱ्याने पुढे निघून जावं. त्या मतातून २९ जून १८६४ रोजी कॅन्टरबरी कॅथीड्रलमध्ये क्राउथर बिशप झाले. एकेकाळी साखळदंडात असलेला माणूस!

इथे बहुतेक चरित्रं संपतात, पण वाचायचं ते यापुढेच. व्हेन १८७३ मध्ये वारले. नव्या पिढीचे तरुण इंग्रज मिशनरी नायजरवर आले, उत्साही, भक्तिमान, आणि आफ्रिकी पाळकांबद्दल मनात आधीच निकाल लावून आलेले. १८९० मध्ये त्यांनी क्राउथर यांच्या पाळकांना एकामागून एक निलंबित केलं. ऐंशीच्या घरातल्या बिशपना स्वतःच्याच समितीत बसून ते बघावं लागलं. त्यांनी समितीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ ला ते गेले आणि त्यांच्या जागी युरोपियन बिशप आला. त्याच वर्षी लागोसमध्ये आफ्रिकी ख्रिस्ती लोकांनी आपलं स्वतंत्र चर्च स्थापन केलं.

मला हे वाचताना आजही राग येतो. त्या तरुण मिशनऱ्यांना वाईट करायचं नव्हतं, ते रोज गुडघे टेकून प्रार्थना करत होते. म्हणूनच हा धडा मंडळीत प्रत्येकाने शिकावा असं मला वाटतं. भक्ती खरी असूनही आपल्या भावाला कमी लेखता येतं.

पायवाट

यावरून एडिंबरो १९१० आठवलं. जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनची ती मोठी परिषद, सुमारे १२०० प्रतिनिधी, आणि आशियातल्या मंडळ्यांचे लोक वीससुद्धा नव्हते. त्यात भारतातले पाळक व्ही. एस. अझरिया बोलायला उभे राहिले. तुम्ही गरिबांसाठी संपत्ती दिलीत, देह जाळायलाही दिलेत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या, असं ते १ करिंथ १३ च्या आधाराने त्या सभेत म्हणाले. तिथे अनेकांना ते झोंबलं. दोनच वर्षांनी ते आजच्या तेलंगणातल्या दोर्नाकलचे बिशप झाले. ताई, हे भाषण तुमच्या मुलांना वाचून दाखवता येईल. छोटं आहे.

समईवात

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, खरंच आभारी आहे. रामराम बसूंचं नाव मी त्या मुलीला सांगितलं. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: त्यांनी बाप्तिस्मा का घेतला नाही? त्यावर आमचा अख्खा वर्ग तासभर बोलत होता.

कोर्सला नाव घातलं आहे. आता थोडं पुढचं विचारते. संस्कृतीच्या भागाची यादी पाहिली. त्यात मानववंशशास्त्र बरंच दिसतं. मला त्याची पार्श्वभूमी नाही, ते डोक्यावरून जाईल का? आणि निबंधाला विषय कसा निवडावा? मला क्राउथर यांच्यावर लिहावंसं वाटतं आहे, पण मूळ साधनं इंग्रजीत आणि जुनी असणार.

जुनीपानं

मिशनची जुनी मासिकं वाचणार असाल तर एक लक्षात ठेवा: ती देणगीदारांसाठी छापलेली असत. मिशनऱ्याचं पत्र मासिकात येईपर्यंत संपादकाच्या कात्रीतून गेलेलं असे. यश ठळक होई, भांडणं गळून पडत. शक्य असेल तिथे खासगी पत्रव्यवहार किंवा समितीची इतिवृत्तं बघा. त्याच प्रसंगाचा सूर पुष्कळदा वेगळा लागतो. आणि 'आमचा नेटिव्ह मदतनीस' असं जिथे नाव न घेता लिहिलेलं दिसेल तिथे खूण करा. कुरेनेकरांच्या उजव्या पानाला तिथूनच सुरुवात होते.

कुरेनेकर

जुनीपानं, मनापासून धन्यवाद. ही खूण करायची युक्ती मी गटात वापरणार.

ताई, संस्कृतीचा भाग अवघड नाही. तुम्ही वर्ग घेता, म्हणजे माणसं ओळखता. त्यात मिशनरी आणि मानववंशशास्त्रज्ञ पॉल हीबर्ट यांचं १९८२ चं एक लेखन येईल, ते दोनदा वाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पाश्चात्त्य मिशनऱ्याकडे देव, पाप, तारण यांची उत्तरं होती आणि रोग, शेती, यंत्रं यांसाठी विज्ञान होतं. पण माणसाचं बरंचसं आयुष्य या दोहोंच्या मधल्या मजल्यावर जातं: भुतंखेतं, नजर, शकुन, पूर्वजांचा कोप, उद्या काय होईल याची धास्ती. मिशनऱ्याला तो मजला दिसतच नव्हता, म्हणून त्याने तिथे काही उत्तर दिलं नाही. परिणाम असा की माणसं रविवारी देवळात येत आणि मूल आजारी पडलं की रात्री मांत्रिकाकडे जात. जगातल्या कुठल्याही मंडळीत काम केलेल्या माणसाला हे वाचताना ओळख पटते.

त्याला जोडून त्यांनी जुन्या चालीरीतींबद्दल एक पद्धत सुचवली आहे. रीत सरसकट मोडायची नाही आणि डोळे मिटून ठेवायचीही नाही. आधी ती का करतात हे शांतपणे समजून घ्यायचं, मग शास्त्राचा अभ्यास करायचा, आणि निकाल मात्र तिथल्या मंडळीने स्वतः द्यायचा, मिशनऱ्याने नाही. प्रेषितांची कृत्ये १५ शेजारी ठेवून वाचा. परराष्ट्रीयांची सुंता करावी की नाही यावर यरुशलेममध्ये केवढा वाद झाला! तो वाद तिथे नीट सुटला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

चौथ्या भागाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, इथे पायवाट कदाचित सहमत होणार नाहीत. त्यात लोकसमूहांचे तक्ते, सुवार्ता 'पोहोचलेले' आणि 'न पोहोचलेले' अशी गणती बरीच असते. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे सुवार्ताप्रसारावर झालेल्या जागतिक परिषदेत विंटर यांनी हा मुद्दा मांडला तेव्हा त्याची गरज होती. आपल्या शेजारच्या मंडळीची सुवार्ता भाषेच्या, जातिजमातींच्या भिंतीपलीकडे आपोआप पोचत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. पण त्याच परिषदेत लॅटिन अमेरिकेचे रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी विचारलं की अन्याय आणि गरिबीकडे पाठ फिरवून सांगितलेली सुवार्ता पुरी कशी? लोझानच्या करारनाम्यात सामाजिक जबाबदारीचं कलम आहे. विंटर यांचं आणि या दोघांचं, ही सगळी भाषणं एकत्र वाचा. नुसता तक्ता वाचला तर माणूस आकड्यात हरवतो, आणि ग्युत्सलाफ यांचे आकडे आपण पाहिलेच.

वेळ कमी पडला तर कोरियाचा धडा मात्र सोडू नका. मिशनमध्ये सगळं मिशनऱ्यापासूनच सुरू होतं ही समजूत तिथे मोडते. कोरियातल्या काही विद्वानांनी चीनहून आलेली कॅथलिक पुस्तकं वाचून आपापसांत चर्चा सुरू केली. त्यांच्यातले यी सुंग-हून १७८४ मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आले आणि परतल्यावर त्यांनी इतरांना बाप्तिस्मा दिला. पहिला धर्मगुरू आत शिरला तो जवळपास दहा वर्षांनी, तोही चिनी, आणि तोवर तिथे हजारो विश्वासणारे होते. १८०१ च्या छळात यी सुंग-हून मारले गेले, तो धर्मगुरूही मारला गेला. इथे डावं पान कोरं आणि उजवं भरलेलं!

पायवाट

सहमत नाही असं नाही. तक्ते प्रार्थनेसाठी उपयोगी पडतात, एवढंच म्हणेन. ज्यांचं नावही कुणी घेत नाही अशा समूहाचं नाव तिथे निदान छापलेलं असतं.

कुरेनेकर

हेही खरं आहे. मान्य.

ताई, निबंधाचं. 'क्राउथर यांचं जीवन आणि कार्य' असा विषय घेऊ नका, त्यात तुम्ही इतरांचीच वाक्यं पुन्हा लिहाल. एक वर्ष किंवा एक प्रसंग धरा. १८४१ च्या नायजर मोहिमेची क्राउथर आणि श्योन या जर्मन मिशनऱ्याची रोजनिशी १८४२ मध्ये एकाच पुस्तकात छापली गेली. एकच नदी, एकच मोहीम, आणि दोन माणसं ती आपापल्या नजरेने लिहीत आहेत. त्यातलाच एक माणूस, क्राउथर, वीस वर्षांपूर्वी योरुबा प्रदेशातून बांधून नेलेला होता. श्योन काय नोंदवतात, क्राउथर काय नोंदवतात, एकाच गावात दोघांना काय दिसतं, एवढंच शेजारी शेजारी मांडलंत तरी निबंध उभा राहील, आणि तो तुमचा असेल.

आफ्रिकेतल्या इतर नावांसाठी 'डिक्शनरी ऑफ आफ्रिकन ख्रिश्चन बायोग्राफी' ऑनलाइन मोफत आहे. स्थानिक प्रचारक, भाषांतर करणारे, बायबल सांगत फिरणाऱ्या स्त्रिया अशा माणसांची चरित्रं तिथे गोळा केली आहेत. एडिंबरोच्या परिषदेचे नऊ खंडही डिजिटल रूपात मिळतात. वाचताना कुठल्या पानावर कुणाचं नाव घेतलं आहे आणि कुणाचं नाही, तेवढं बघत चला.

समईवात

श्योन आणि क्राउथर, विषय ठरला. वही घेतली आहे. निबंध लिहून झाला की इथे मुद्दे टाकेन, तुम्ही तपासून द्याल ना?

कुरेनेकर

आनंदाने. रोजनिशीचं इंग्रजी जुनं आहे, ठिकाणांची स्पेलिंगही आजच्यापेक्षा वेगळी आहेत, म्हणून नायजरचा नकाशा शेजारी ठेवा आणि एका बैठकीत फार पानं वाचू नका. क्राउथर यांच्या भागापासूनच सुरुवात करा. श्योन नंतर वाचा.